पुन्हा हात घालण्याआधी

पत्राचा सारांश: पत्रलेखक जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ऑर्थोपेडिक सर्जन आहेत. वय चाळिशीच्या आत, स्वतःचं छोटं हॉस्पिटल. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दीड वर्षापूर्वी त्यांनी अमळनेरकडच्या, साठी ओलांडलेल्या एका बाईंचा उजवा गुडघा बदलला. ऑपरेशन सुरळीत झालं, टाके वेळेवर निघाले, दुखणं मात्र गेलं नाही. बाई अधूनमधून ओपीडीत येतात आणि चारचौघांत सांगतात, ‘अजूनबी दुखस, भाऊ.’ ताज्या एक्स-रेवरून डॉक्टरांना बसवलेल्या सांध्याचा खालचा भाग ढिला झाल्याची शंका आहे. लवकर रिव्हिजन (बसवलेला सांधा परत उघडून बदलण्याचं ऑपरेशन) करून ‘विषय मिटवून टाकावा’ असं त्यांना वाटतं. दुसरी गोष्ट, चोपड्याच्या वर सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा १९ वर्षांचा मुलगा पाच महिन्यांपासून खुब्याच्या टीबीची औषधं घेतोय. ती सुरू केली गावातल्या ज्येष्ठ डॉक्टरांनी. पत्रलेखकांनी त्याच कागदावर ‘चालू ठेवा’ लिहून सही केली. आता त्यांना सिकलसेलचा (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याच्या आनुवंशिक आजाराचा) संशय येतोय, पण बोलायला जीभ रेटत नाही. तिसरी गोष्ट, ते एका दैनिकाच्या पुरवणीत आरोग्यावर लिहितात. अलीकडे एकेक लेख इतका फिरवून फिरवून लिहितात की मुदत टळते आणि संपादकांचा फोन घ्यायची हिंमत होत नाही. वडील निवृत्त शिक्षक. ‘एकदाच करावं, पण नीट करावं’ हे त्यांचं वाक्य लहानपणापासून कानावर. पत्राच्या शेवटी प्रश्न असा: ‘परत परत करावं लागतं, याचा अर्थ मला पहिल्यांदा जमलंच नाही, असाच ना?’

उत्तर:

डॉक्टर,

नाही, असाच अर्थ होत नाही. पण एवढ्यावर तुमची पाठ थोपटून मी मोकळा होणार नाही, कारण पत्र दोनदा वाचल्यावर मला भलतंच काहीतरी खटकलं.

गुडघा, खुबा आणि लेख या तिन्ही ठिकाणी तुम्ही ‘परत करणं’ एकाच तराजूत टाकलंय. तिन्हीकडे दुसऱ्या खेपेची किंमत वेगळी असते आणि ती भरणारा माणूसही वेगळा असतो. गुडघा परत उघडला तर किंमत त्या बाई भरणार, हाडाच्या रूपात. निदान बदललं तर तुम्हाला अवघड वाटणारी पंधरा मिनिटं मोजावी लागतील. नाही बदललं तर तो मुलगा भरतच राहील. आणि लेख परत लिहिण्याची किंमत म्हणजे थोडी झोप. आता तुमचं वागणं बघा. जिथं थांबायला हवं तिथं तुम्ही घाईला आलायत, जिथं आजच हलायला हवं तिथं गप्प आहात, आणि जिथं दोन हात फिरवून मोकळं व्हावं तिथं रात्ररात्र घोळ घालताय. तिन्हीकडे उलटं.

वडिलांच्या वाक्यात खोट नाही. गुडघा पहिल्यांदा बदलायच्या सकाळी ते वाक्य थिएटरच्या दारावर लावण्यासारखंच आहे. गडबड होते ती कामाआधी म्हणायचं वाक्य काम झाल्यावर निकालपत्र म्हणून वापरलं की. मग परत करावं लागलेलं प्रत्येक काम नापासाच्या रकान्यात जातं आणि माणूस दोनच गोष्टी करायला लागतो: एक तर डाग पुसायची घाई, नाही तर डाग दिसू नये म्हणून झाकाझाक. तुमच्याकडे दोन्ही चालू आहे.

तुमच्याच शाखेत या प्रश्नाचा विचार फार आधी झालाय. स्वीडनने १९७५ साली गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, चार वर्षांनी खुब्याची. कोणता सांधा किती वर्षांनी परत उघडावा लागला, हा त्या नोंदवह्यांचा मुख्य मापदंड. म्हणजे रिव्हिजन ही मोजायची, एकमेकांना सांगायची गोष्ट ठरली. याचा उपयोग काय झाला ते एएसआर नावाच्या कृत्रिम खुब्यावरून दिसतं. धातूवर धातू घासणारा तो सांधा २०१० साली जगभरातून परत मागवला गेला. त्याच्या रिव्हिजनचे चढते आकडे ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत त्याआधीच दिसू लागले होते. प्रत्येक सर्जनने आपापली रिव्हिजन मनातल्या मनात लाज म्हणून पुरून टाकली असती तर तो सांधा किती काळ बसवला जात राहिला असता कोण जाणे. २०१९ साली अशाच नोंदवह्यांच्या आधारे प्रसिद्ध झालेला हिशेब असा: २५ वर्षांनंतर पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी साधारण ८२ टक्के टिकून होते, खुब्यांपैकी ५८ टक्के. उरलेले सगळे काही आळशी सर्जनांचे नव्हते.

पण तुमच्या बाईंना पंचवीस वर्षं झालेली नाहीत, दीड वर्ष झालंय. तेव्हा आकड्यांच्या आड लपायचीही सोय नाही. त्यांच्याकडे वळू.

मी सर्जन नाही, माझं आयुष्य मेडिसिनच्या ओपीडीत गेलं. त्यामुळे काय कापायचं हे मी सांगणार नाही. कापण्याआधी काय विचारायचं एवढंच सांगतो. पहिला प्रश्न: आता जे दुखतंय ते ऑपरेशनच्या आधी दुखत होतं तेच का? तिथंच, तसंच? की मध्ये सहा-आठ महिने बरं वाटलं आणि मग नवं दुखणं सुरू झालं? तुमच्या दोन पानी पत्रात याचा उल्लेख नाही. एक्स-रेचा आहे, लोकांच्या बोलण्याचा आहे, बाईंच्या दुखण्याच्या जातीचा नाही. मध्ये चांगला काळ गेला असेल तर ढिलं होणं, जंतुसंसर्ग यांच्याकडे बोट जातं. उठून पहिली चार पावलं टाकताना कळ येते आणि मग कमी होते, असं असेल तर ढिलं झाल्याचा संशय वाढतो. रात्री, पडल्या पडल्याही ठणकत असेल तर जंतुसंसर्ग आधी डोक्यात यायला हवा. आणि दुखणं कधी गेलंच नसेल, अगदी तेच आणि तिथंच राहिलं असेल, तर शंका घ्यायला हवी की ते मुळात गुडघ्याचं होतं का.

खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं हे तुम्ही दुसऱ्या वर्षाला शिकलात, मीही शिकलो. बाईंना पाठीवर झोपवा, खुबा वाकवून आत फिरवा आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. त्यांनी ‘हेच ते’ म्हणून गुडघ्यावर हात ठेवला तर तुमच्या एक्स-रेचा अर्थ बदलेल. मग कंबर. आणि हो, घरी त्या कशा बसतात तेही विचारा. कळण्याच्या भाकरी खाली बसून थापायची सवय साठ वर्षांची असते, डिस्चार्जच्या दिवशी दिलेल्या सूचनेने ती मोडत नाही. सुनेला बाजूला घेऊन विचारलंत तर खरं कळेल.

एक्स-रे एकटा बघू नका. ऑपरेशननंतरचा पहिला, मधले जे असतील ते आणि आजचा, असे ओळीने लावा. ढिलं होणं एका फोटोत दिसण्यापेक्षा दोन फोटोंतल्या फरकात जास्त दिसतं. ईएसआर, सीआरपी या अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या करा. दीड वर्षानंतर ते चढलेले असतील आणि दुसरं कारण सापडत नसेल तर गुडघ्यातलं पाणी काढून तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. हे पाणी काढायच्या आधी किमान दोन आठवडे अँटिबायोटिक बंद हवं, नाही तर कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, कोरं येतं आणि कोऱ्या रिपोर्टवर सगळेच खूश होतात. आपल्याकडे पेशंट वाटेत दोन दवाखाने आणि एक मेडिकल करून आलेला असतो, तेव्हा ‘काही गोळ्या घेतल्या का?’ हा प्रश्न पिशवी उलटी करून विचारा. लॅबला सांगून कल्चर दोन आठवडे ठेवायला लावा, काही जंतू सावकाश वाढतात.

एवढं सगळं का, तर कारण न कळता, निव्वळ दुखतंय म्हणून केलेल्या रिव्हिजनचे निकाल वाईट असतात. ही आगीतून फुफाट्यात जायची वाट आहे. पहिल्या वेळी तुम्हाला बाईंचं मूळ हाड मिळालं. दुसऱ्या वेळी मिळेल ते तुम्हीच कापलेलं हाड, त्याला चिकटलेलं सिमेंट आणि वर व्रणाची ताठ कातडी. सिमेंट निघताना हाड घेऊन निघतं. मग लांब दांड्याचं इम्प्लांट, गेलेल्या हाडाच्या जागी धातूचे ठोकळे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींना वेसण घातली, तेव्हा साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सेटची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरली आणि रिव्हिजनच्या सेटची १,१३,९५० रुपये, करवेगळे. नुसत्या सामानाची तफावत ही. आत जंतुसंसर्ग निघाला तर बहुतेक वेळा काम एका बैठकीत संपत नाही: जुनं काढून अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा, काही आठवडे औषधं, मग पुन्हा टेबल. ‘विषय मिटवून टाकावा’ या तुमच्या वाक्यातला विषय नक्की कुणाचा, हे स्वतःला विचारा. बाईंचं दुखणं की ओपीडीतल्या बाकड्यावरची कुजबुज?

कदाचित सगळं तपासून तुम्ही परत ढिलं होण्यावरच याल. मग रिव्हिजन करायलाच हवी, आणि त्यात कमीपणा नाही. फक्त ती तुम्हीच करायची का, हा वेगळा प्रश्न आहे. जुनं इम्प्लांट काढायची हत्यारं, वेगवेगळ्या मापांचे दांडे आणि ठोकळे, हाड कमी पडलं तर पर्याय, हे सगळं टेबलाजवळ हजर नसेल तर नाशिक, पुणे, मुंबई जिथं हे नेहमी होतं तिथं पाठवा. नुसती चिठ्ठी देऊन नाही. आधी त्या सर्जनला फोन करून, पूर्ण फाइल देऊन. तुम्हीच करणार असाल तरीही दुसऱ्या एखाद्या सर्जनला फाइल दाखवा, आणि दाखवताना तुमचा निष्कर्ष आधी सांगू नका. ‘खालचा भाग ढिला वाटतोय, बघा’ म्हणालात की त्यालाही ढिलाच दिसेल.

आता तो मुलगा. खरं सांगायचं तर मला काळजी त्याची जास्त आहे.

धडगाव-अक्कलकुव्यापासून चोपडा-यावलच्या वरच्या पाड्यांपर्यंत भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल आहे, हे खान्देशात दवाखाना चालवणाऱ्याला नव्याने सांगायला नको. तरीही तो निसटतो. एक कारण असं की भारतातल्या बऱ्याच सिकलसेल पेशंटांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त शिल्लक राहतं, त्यामुळे आजार काहीसा सौम्य चालतो आणि विशीपर्यंत नावाशिवाय राहू शकतो. पोरगं ‘नाजूक’ आहे, थंडीत आखडतं, डोळे पिवळे होतात म्हणून काविळीची माळ बांधून आणतात. मग एक दिवस ते लंगडायला लागतं. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरू लागलेलं असतं, ज्याला तुम्ही एव्हीएन म्हणता. सुरुवातीला एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. आणि लंगडणारं, वाळलेलं, पाड्यावरचं पोर बघून टीबी डोक्यात येणं यात त्या ज्येष्ठ डॉक्टरांचंही काही आक्रीत नव्हतं. आपल्याकडे टीबी खरंच आहे.

चूक, असलीच तर, पुढे झाली. ‘खुब्याचा टीबी’ हे शब्द एकदा कागदावर उमटले आणि मग त्यांच्यापुढचं प्रश्नचिन्ह गळून पडलं. तो कागद तुमच्यापर्यंत आला आणि तुम्ही त्यावर ‘चालू ठेवा’ची मोहोर उठवली. जुन्या पोथ्यांच्या बाबतीत नेमकं हेच व्हायचं: नकलाकाराची एक चूक पुढच्या नकलेत जायची, तिथून पुढच्या, आणि चार पिढ्यांनी तोच पाठ खरा वाटायचा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती यासाठीच. समोर आलेली नक्कल त्यांनी पूज्य म्हणून तशीच पुढे चालवली नाही. केस पेपरचं असं शुद्धीकरण करायला तुम्हाला कुणाच्या परवानगीची गरज नाही. मूळ काय होतं एवढं बघा: टीबी कशावरून ठरला? सांध्यातला तुकडा काढून बायोप्सी किंवा सीबीनॅट (टीबीचा जंतू ओळखणारी चाचणी) झालं होतं का, की फक्त फोटो आणि वय?

अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी निदान चुकलेल्या १०० केसेस उलगडून २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. विचार करण्यातल्या चुकांपैकी सगळ्यात जास्त वेळा आढळली ती एकच: पटण्यासारखं एक उत्तर मिळालं की पुढचं शोधणं थांबवायचं. ज्ञान कमी पडल्याची उदाहरणं त्यामानाने थोडी होती. तुम्हालाही सिकलसेल माहीत नव्हता असं थोडंच आहे?

तेव्हा उद्याच्या उद्या मुलाला आणि त्याच्या आईला बोलवा. लहानपणी हातापायांचे पंजे सुजायचे का, रक्त चढवलंय का, भावंडांत कुणाला असंच दुखतं का, विचारा. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट. तेव्हा पाड्यावर तपासणी झाली असेल तर कार्ड घरात असू शकेल, पत्र्याच्या पेटीत, आधार कार्डाच्या शेजारी. नसेल तर सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलसेलची प्राथमिक रक्तचाचणी, करा. पण इथं एक खड्डा आहे. ती टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच ‘सिकलसेल’ लिहून मोकळे होऊ नका. मुलगा नुसता वाहक आहे की आजारी, हे ती सांगत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते. वाहक निघाला तर त्यावरून खुब्याचं हे दुखणं सहसा सुटत नाही आणि तुमचा प्रश्न उघडाच राहतो. शिवाय सिकलसेल असलेल्याला टीबी होत नाही असं कुठं आहे? आधी एका लेबलाला चिकटलात, आता घाबरून दुसऱ्याला चिकटाल, तर निदान सुधारलं असं होत नाही. टीबीची औषधं आजच्या आज तोडा असंही मी म्हणत नाही. ज्यांनी सुरू केली त्यांच्याशी आणि टीबीच्या सरकारी यंत्रणेशी बोलून, पुरावा समोर ठेवून ठरवा. दुसरा खुबाही बघून घ्या, हे दुखणं बऱ्याचदा दोन्हीकडे असतं. आणि त्याच्यावर कधी चाकू लावायची वेळ आलीच, तर सिकलसेल आहे हे भूल देणाऱ्याला आधी माहीत असण्यावर त्याचा जीव अवलंबून असेल. पाणी कमी पडणं, अंग गार पडणं, प्राणवायू कमी होणं, यातलं काहीही त्या पेशींना वाकवायला पुरतं.

ज्येष्ठ डॉक्टरांना फोन करायची भीती मी समजू शकतो. तालुक्याच्या गावात संध्याकाळी एकाच लग्नात गाठ पडते. मग मत घेऊन जाऊ नका, माहिती घेऊन जा. ‘सर, त्या पोराचे लहानपणी पंजे सुजायचे म्हणे, आणि धाकट्या भावाला दोनदा रक्त चढवलंय. हे तेव्हा आपल्याकडे आलं नव्हतं. इलेक्ट्रोफोरेसिस करून घेतो, रिपोर्ट घेऊन तुमच्याकडे येतो.’ यात कुणी कुणाला खोटं पाडत नाही. ते रागावलेच तर रागावू देत. मुलाच्या खुब्यापुढे तो प्रश्न मोठा नाही.

कागदावरचं जुनं निदान खोडून काढू नका, पान तर अजिबात बदलू नका. ताकाला जाऊन भांडं लपवायचं कारण नाही. जुनं वाचता येईल अशी एक रेघ मारा, किंवा तेही नको. खाली तारीख-वेळ टाकून नवं लिहा: निदान का बदललं, कोणती नवी गोष्ट कळली, अजून काय माहीत नाही. मग सही. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे पेशंटने कागद मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात. वाचणारा कुणीही असो, तुमचा विचार कुठून कुठं गेला हे त्याला दिसलं पाहिजे. आणि इथून पुढे खात्री नसलेलं कोणतंही निदान लिहिताना त्याच्या शेजारी दोन गोष्टी लिहायची सवय लावून घ्या: काय दिसलं तर मी हे मत सोडीन, आणि कोणत्या तारखेला ते तपासीन. टीबीच्या औषधांना दोन महिन्यांत काही उतार नाही तर परत पहिल्यापासून बघायचं, असं तेव्हाच लिहिलं असतं तर तीन महिने वाचले असते आणि तुमची जीभही अडली नसती. कारण मत बदलायची वेळ आधीच ठरलेली असती.

लेखाचं आता थोडक्यात, कारण तो तुमचा सगळ्यात लहान प्रश्न आहे. तुम्हाला तो सगळ्यात मोठा वाटतोय तरी. सिकल पेशींचं पहिलं प्रसिद्ध वर्णन १९१० चं, शिकागोच्या जेम्स हेरिक यांचं. पेशंट त्यांच्या इस्पितळात आला होता १९०४ च्या अखेरीस. मध्ये काही वर्षं गेली, पण शेवटी त्यांनी लेख छापला तो निदानाचा प्रश्न उघडा ठेवून: पेशी अशा अशा दिसल्या, काय आजार आहे ते ठरवता येत नाही. सगळं उमगेपर्यंत थांबले असते तर थांबतच राहिले असते. तुमचा पुरवणीतला लेख तर उन्हाळ्यात पाणी किती प्यावं यावर असतो. पुढच्या वेळी तो फिरवायला घेतलात की बघा, मुद्दा बदलतोय की नुसती वाक्यं? पहिल्या वाचनात मुद्दा तपासा, दुसऱ्यात काटछाट करा, मग एकदा मोठ्याने वाचा आणि पाठवा. तिसऱ्यांदा वाक्यांची जागा इकडची तिकडे होत असेल तर ते लेखाचं काम उरलेलं नाही, ती धास्ती आहे. चुकलंच काही, तर पुढच्या आठवड्यात दुरुस्ती छापता येते. ती सोय गुडघ्याला नाही.

मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. लेखावर रात्री जाळणारा हा माणूस डिस्चार्ज कार्ड मात्र एका हाताने, उभ्या उभ्या लिहीत असणार. (तुमचं पाहिलेलं नाही, बाकीच्यांची पाहून म्हणतोय.) ‘रेस्ट, टॅब कॅल्शियम १-०-१, एफ/यू एसओएस.’ हे पाड्यावर कोण वाचणार? तुमच्या लिखाणातलं परत लिहायच्या लायकीचं पान हेच आहे, कारण ते एकदा एसटीत बसून सातपुड्यात गेलं की दुरुस्ती छापता येत नाही. सिकलसेल पक्का झाला तर त्या मुलाच्या कार्डावर ठळक मराठीत लिहा: ‘ताप आला, छातीत दुखलं, धाप लागली, किंवा अंग एकदम पांढरं पडलं तर त्याच दिवशी दवाखान्यात आणा. पाणी भरपूर प्या. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर आधी हे कार्ड दाखवा.’ लिहून झालं की वॉर्डातल्या मावशींना वाचायला द्या. त्या अडखळल्या तर परत लिहा. इथं कितीही वेळा फिरवा, मी अडवणार नाही.

बाईंना काय सांगायचं, हेही तुम्ही विचारलंय. सगळ्यांसमोर नाही, आत बोलावून, खुर्ची देऊन सांगा. जमत असेल तर अहिराणीतच. ‘माय, तुमचं दुखणं खरं आहे. ते कशामुळे, हे मला अजून पक्कं कळलेलं नाही. गुडघा परत उघडायच्या आधी मी खुबा, कंबर आणि गुडघ्यातलं पाणी तपासणार. गरज पडली तर दुसऱ्या सर्जनला दाखवू, मीच फोन करून देतो.’ तपासणीत तुमच्या हातून काही राहून गेलं असं निघालं, इम्प्लांट थोडं फिरलेलं बसलं वगैरे, तर तेही त्यांना तुमच्याच तोंडून कळू द्या, बाहेरून कळण्याआधी. बाकड्यावरची कुजबुज त्याने थांबेल अशी हमी देत नाही. मात्र बाईंना आपल्या दुखण्याचं कुणीतरी मनावर घेतलंय हे कळेल, आणि खरं सांगायचं तर ओपीडीत त्या तेवढंच मागत होत्या.

अशाच अडचणीतल्या पेशंटांनी आणि नातेवाइकांनी बरीच पत्रं पाठवली आहेत, त्यांच्यासाठी. कुणी ‘परत ऑपरेशन’ म्हटलं की आधी एवढंच विचारा: पहिल्या वेळी नेमकं काय बिघडलं, आणि ते कशावरून ठरवलं? ‘करून बघू’ हे उत्तर मिळालं तर दुसरं मत घ्या. चांगला डॉक्टर त्यावर रुसत नाही. दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना फक्त शेवटचा रिपोर्ट नेऊ नका. ऑपरेशनच्या आधीचे फोटो, नंतरचे सगळे फोटो, डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची नोंद असलेलं पान न्या. त्या पानावर इम्प्लांटच्या डब्यावरचे छोटे स्टिकर चिकटवलेले असतात. त्यावर कंपनी, माप आणि नंबर असतो. परत उघडायची वेळ आली तर कोणती हत्यारं मागवायची हे सर्जनला त्या स्टिकरवरून कळतं. तुमच्या फाइलमध्ये ते नसतील तर हॉस्पिटलकडे लेखी अर्ज करून आजच मागून घ्या, आणि मोबाइलमध्ये फोटो काढून घरातल्या दोघांकडे ठेवा.